दूध किती गेले आणि कसे गेले: अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या एका आहार-साहाय्य व पाठपुरावा सेवेबद्दल

माझी मुलगी गर्भारपणाच्या ३० व्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचे वजन १,२८० ग्रॅम होते. ती नवजात अतिदक्षता विभागात सात आठवडे होती. त्या काळात आणि त्यानंतरची दोन वर्षे आम्ही त्या विभागाशी जोडलेली आहार-साहाय्य व विकास पाठपुरावा सेवा घेतली, आणि हे परीक्षण त्या सेवेपुरतेच आहे. तिच्यात स्तनपान सल्लागार, चोखण्या-गिळण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि घरी गेल्यानंतर ठरावीक अंतराने बाळाचा विकास तपासणारे बालरोगतज्ज्ञ असा चमू असतो. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. माझे मत आधीच सांगते: अशी सेवा मिळत असेल तर ती पहिल्या आठवड्यापासून घ्यावी, कारण बाळ दूध कसे पिते याकडे बघायला आम्हाला तिनेच शिकवले. मात्र तिच्यात दोन उणिवा होत्या आणि त्या किरकोळ नव्हत्या. त्यांबद्दलही मी सविस्तर लिहिणार आहे.

सुरुवातीचे दिवस नळीने दूध देण्याचे होते. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला दूध गिळता येत नाही असे ऐकले की बाळ अशक्त आहे असा आपला समज होतो, परंतु अडचण केवळ ताकदीची नसते. पोटात असतानाच बाळ चोखू लागते आणि गर्भजल गिळूही लागते. पण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रिया एकमेकींच्या आड न येता एका लयीत करण्याची क्षमता साधारण ३२ ते ३४ व्या आठवड्यात येऊ लागते आणि पुढे आणखी काही आठवडे पक्की होत राहते. घसा एकच असतो, आणि दूध व हवा दोन्ही तिथूनच जातात. गिळताना श्वास क्षणभर थांबावा लागतो आणि गिळून झाले की लगेच सुरू व्हावा लागतो. हा क्षण चुकला की दूध श्वासनलिकेकडे वळते, किंवा श्वास लांबतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. मॉनिटरचा आवाज सुरू झाला की आम्ही दचकत असू. त्यामागे नेमके काय घडते हे आहारतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांनी पहिल्याच आठवड्यात कागदावर चित्र काढून समजावून सांगितले, आणि त्यानंतर त्या आवाजाची भीती संपली नसली तरी तिला अर्थ आला.

दूध काढण्याबाबत स्तनपान सल्लागारांची मदत मला सर्वांत आधी झाली. जन्मानंतर सहा तास उलटण्याच्या आत त्या माझ्या खाटेपाशी आल्या, हाताने चीक कसा काढायचा ते त्यांनी दाखवले आणि पहिले काही थेंब कापसाच्या बोळ्याने मुलीच्या गालाच्या आतल्या बाजूला लावण्यासाठी विभागात पोहोचवले. दिवसातून किमान आठ वेळा दूध काढायचे आणि रात्रीची वेळ चुकवायची नाही, कारण सुरुवातीच्या दोन आठवड्यांत स्तन जितक्या वेळा रिकामे होतील त्यावर पुढचा पान्हा अवलंबून असतो, हे त्यांनी ठामपणे सांगितले. आईचे दूध मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस हा आतड्याचा गंभीर आजार कमी आढळतो, हे कळल्यावर पहाटे तीनला उठून पंप लावणे मला कधी जाचक वाटले नाही. दूध कमी निघाले त्या दिवशीही त्यांनी मला अपराधी वाटू दिले नाही. इथे ही सेवा निर्विवादपणे उत्तम आहे.

नळीतून दर तीन तासांनी दूध जायचे. पहिल्या दिवसांत ते अगदी थोडे होते, नंतर रोज ठरलेल्या प्रमाणात वाढत गेले. दिवसाला दर किलो वजनामागे दीडशे मिलिलिटरच्या आसपास दूध पचू लागले की शिरेतून दिले जाणारे पोषण बंद करता येते, आणि आमच्याकडे तो टप्पा तेराव्या दिवशी आला. या काळात स्पीच थेरपिस्टने करून घेतलेली एक गोष्ट वरवर अगदी लहान वाटेल. नळीतून दूध जात असताना त्या मुलीच्या तोंडात छोटी चोखणी देत, म्हणजे पोटात दूध उतरते त्या वेळी तोंडही चोखत असे. या चोखण्यातून दूध मिळत नाही, तरीही त्याचा उपयोग होतो. असा सराव मिळालेली बाळे नळीवरून तोंडाने पिण्याकडे लवकर वळतात आणि लवकर घरी जातात, असा निष्कर्ष अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून निघालेला आहे. त्याखेरीज ओठ, गाल, हिरड्या आणि जीभ यांना ठरावीक क्रमाने बोटाने हलका दाब देण्याचा पंधरा मिनिटांचा व्यायाम त्यांनी मला शिकवला. फुसिल, गिझेल आणि लाऊ या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असा व्यायाम मिळालेली बाळे इतर बाळांपेक्षा सुमारे एक आठवडा आधी पूर्णपणे तोंडाने दूध पिऊ लागली होती. माझ्या मुलीला त्याचा नेमका किती फायदा झाला हे एका बाळावरून सांगता येणार नाही. पण नळ्या, चिकटपट्ट्या आणि सक्शन (तोंडा-नाकातला स्राव ओढून काढणे) यांच्यामुळे ज्या तोंडाला दिवसभर नकोसेच स्पर्श होत होते, त्याला दिवसातून एकदा तरी आईचे स्वच्छ, ऊबदार बोट मिळत होते, आणि व्यायाम सुरू झाला की ती डोळे मिटण्याऐवजी उघडायची.

कांगारू केअरबद्दल थोडी तक्रार आहे. बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर ठेवून सांभाळण्याची ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोता येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसातून ८ ते २४ तास द्यावी अशी शिफारस केली. आमच्या विभागात ही शिफारस भिंतीवर लावलेली होती. टेकून बसता येतील अशा खुर्च्या मात्र बाळांच्या संख्येच्या निम्म्याही नव्हत्या, त्यामुळे आम्हाला जेमतेम तीन-चार तास मिळत. वडिलांना सायंकाळी एक तास मिळे. परिचारिका मनाने चांगल्या होत्या आणि खुर्ची रिकामी झाली की स्वतःहून निरोप देत, पण खुर्च्यांची कमतरता त्यांच्या चांगुलपणाने भरून निघणारी नव्हती.

आता पहिल्या मोठ्या उणिवेकडे येते. ३३ आठवडे आणि ४ दिवस पूर्ण झाले त्या दिवशी मुलीला पहिल्यांदा तोंडाने दूध दिले. एका पाळीचे, म्हणजे दर तीन तासांनी एका वेळी द्यायचे, दूध ३२ मिलिलिटर होते आणि त्यातले ती ६ मिलिलिटर प्यायली. उरलेले नळीने गेले. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या नोंदवहीत वेळ, तोंडाने किती, नळीने किती, उलटी झाली का आणि शी-शू असे पाच रकाने होते. बाळ कसे प्यायले यासाठी एकही रकाना नव्हता. रकाना नसला की ती गोष्ट कोणी पाहत नाही, हे मी पुढच्या दहा दिवसांत अनुभवले. दिवसपाळीत थेरपिस्ट असत, तेव्हा मुलगी १२ मिलिलिटर पिऊन थांबली तर पाजणे थांबवले जाई. रात्रपाळीत एका परिचारिकेवर अनेक बाळांचा भार असे, आणि आकडा वाढलेला दिसावा असे दडपणही असावे. एका पहाटे मी दूध द्यायला गेले तेव्हा बाटलीचे निपल तोंडात फिरवून, हनुवटी वर उचलून, गाल दाबून मुलीला दूध पाजले जात होते. नोंदवहीत २८ मिलिलिटर असा त्या आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा लिहिला गेला. पुढच्या दोन पाळ्यांना तिने निपल ओठांना लागताच तोंड फिरवले आणि तिसऱ्या पाळीला पिताना तिचे ठोके मंदावले.

त्याच दिवशी दुपारी थेरपिस्टने माझ्याबरोबर जो पाऊण तास घालवला, त्याची आठवण मला आजही तपशिलासह आहे. त्यांनी बाटली हातात घेतलीच नाही. मुलीला दुपट्यात सैलसर गुंडाळून, हात चेहऱ्याजवळ येतील असे ठेवून, त्यांनी तिला माझ्या मांडीवर कुशीवर निजवले आणि डोके धडापेक्षा थोडे वर ठेवले. त्या म्हणाल्या, “आता पाच मिनिटे काही करू नका, फक्त तिच्याकडे बघा.” मुलीने डोळे उघडले, मूठ तोंडाकडे नेली, ओठ हलवले. तेव्हा त्यांनी निपल तिच्या वरच्या ओठाला टेकवले आणि आत न सारता तसेच ठेवले. तिने स्वतः तोंड उघडून ते घेतले. मी मोजू लागले. तिने तीन वेळा चोखले, एकदा गिळले, मग थांबून दोन-तीन श्वास घेतले, आणि पुन्हा चार वेळा चोखले. सहाव्या खेपेला तिच्या भुवया वर गेल्या आणि उजव्या हाताची बोटे पंख्यासारखी ताठ पसरली. दूध ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायच्या आधीच थेरपिस्टने बाटली खाली तिरकी केली, म्हणजे निपल तोंडात राहिले पण दूध मागे गेले. मुलीने लांब श्वास घेतला, बोटे मिटली आणि थोड्या वेळाने ती पुन्हा चोखू लागली. “ती बोलते आहे, आपण ऐकायचे,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या पाळीला ती १४ मिलिलिटर प्यायली आणि मॉनिटर एकदाही वाजला नाही.

त्या दिवसापासून तिच्या खुणा ओळखण्याचे शिक्षण मला रोज थोडे थोडे मिळत गेले. भुवया उंचावणे, कपाळाला आठी पडणे, नाकपुड्या फुलणे, ओठांभोवतीची कातडी निळसर-फिकट दिसणे, बोटे ताठ पसरणे, एकाएकी डोळे मिटून अंग सैल सोडणे, गुळण्या केल्यासारखा आवाज येणे, दूध ओघळणे, वारंवार उचकी किंवा शिंका येणे, या सगळ्यांतून बाळ थांबायला सांगत असते. सैल पडलेल्या बाळाला झोप आली आहे असे समजून आपण त्याला टिचक्या मारून जागे करतो आणि पुन्हा पाजू लागतो. पुष्कळदा ते थकून किंवा श्वास सांभाळण्यासाठी पिणे सोडून देत असते, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. मिलिलिटरचा आकडा खोटा नसतो, वजन भरण्यासाठी तो पाहावाच लागतो. पण १४ मिलिलिटर शांतपणे प्यायलेले बाळ आणि २८ मिलिलिटर पाजले गेलेले बाळ यांच्यात दुसऱ्याची प्रगती जास्त आहे असे दाखवणारी नोंदवही अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिण्याच्या पद्धतीकडे इतके लक्ष का द्यायचे, असा प्रश्न मी पाठपुरावा विभागाच्या डॉक्टरांना विचारला होता आणि त्यांनी दिलेले उत्तर या सेवेचे महत्त्व समजण्यासाठी सांगण्यासारखे आहे. ३४ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्के असते, म्हणजे बाळ पिण्याचे पहिले धडे घेत असते त्याच आठवड्यांत मेंदूची वाढही फार वेगाने चालू असते. चोखण्यासाठी ओठ, जीभ, टाळू, घसा आणि श्वास यांच्या मज्जातंतूंना मेंदूच्या खोडातून एकत्र चालवावे लागते. नवजात बाळ करू शकते अशा सर्वांत गुंतागुंतीच्या कामांपैकी हे एक आहे. पूर्ण वाढलेल्या बाळाचे दूध पितानाचे चोखणे साधारण सेकंदाला एक असे चालते आणि दूध नसताना नुसते चोखताना ते सुमारे दुप्पट वेगाने होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सलग चोखण्याचे झपाटे आधी आखूड आणि विस्कळीत असतात, मग आठवड्यागणिक लांब व नियमित होतात. ही लय कशी बसत जाते ते पाहणे म्हणजे मेंदूची जुळणी खाटेपाशी बसून, कोणतेही यंत्र न लावता पाहणे आहे.

बाळ कसे पिते आणि त्याचा पुढचा विकास कसा होतो यांचा संबंध असतो, याला संशोधनाचा आधार आहे. जपानमधील मिझुनो आणि उएदा यांनी २००५ मध्ये नवजात अवस्थेतील दूध पिण्याची क्षमता आणि १८ महिन्यांच्या वयातील विकास यांचा संबंध तपासला. मेडॉफ-कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे चोखणे आणि पुढील विकास यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तर नेदरलँड्समधील अभ्यासकांनी अशा मुलांचा शाळेच्या वयापर्यंत मागोवा घेतला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फार लवकर जन्मलेल्या मुलांमधील खाण्याच्या अडचणी आणि भाषेतील मागेपणा यांचा संबंध आढळला. बोलण्यासाठी लागणारी जीभ आणि ओठ खाण्यासाठीही लागतात, त्यामुळे हा संबंध अनपेक्षित नाही. डॉक्टरांनी यापुढे जे सांगितले ते मला अधिक मोलाचे वाटले. संबंध आहे म्हणजे कारण आहे असे होत नाही. मेंदूला झालेली इजा, फुप्फुसांचा दीर्घ आजार किंवा फारच लवकर झालेला जन्म यांमुळे पिणेही अवघड होते आणि विकासही मंदावतो, तेव्हा दोन्हींचे मूळ एकच असू शकते. शिवाय अडखळत पिणारी पुष्कळ बाळे पुढे व्यवस्थित वाढतात. एखाद्या बाळाच्या पिण्यावरून त्याचे भविष्य सांगता येत नाही, परंतु कोणत्या बाळाकडे पुढे अधिक बारकाईने पाहायचे हे ठरवता येते. पालकांना धास्तावून न सोडता आणि खोटा दिलासाही न देता हे सांगणारे डॉक्टर मिळाले, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

घरी सोडण्यापूर्वीचे प्रशिक्षण चोख होते. शेवटचे दोन दिवस मला मुलीसह स्वतंत्र खोलीत ठेवले आणि सगळ्या पाळ्या माझ्याकडून करून घेतल्या. अंगावर पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत तिचे वजन करून, एक ग्रॅमला ढोबळमानाने एक मिलिलिटर धरून, तिने किती दूध ओढले हे कसे पाहायचे ते शिकवले. हे वजन रोज करू नका, आकड्यांच्या मागे लागाल, असेही त्याच श्वासात सांगितले. बाटलीसाठी मंद धारेचे निपल सुचवले. दूध भराभर यावे म्हणून निपलचे भोक मोठे करू नये, हेही बजावले. धार वेगाने आली म्हणजे बाळ जास्त पिते असे दिसते खरे, पण त्याला श्वासाची उसंत मिळत नाही. व्हिटॅमिन डी, लोह, डोळ्यांच्या पडद्याची आणि श्रवणाची तपासणी यांच्या तारखा लिहून मिळाल्या. त्यांत काही खोट काढण्यासारखे नव्हते.

दुसरी उणीव घरी गेल्यानंतर लक्षात आली. विभाग आणि पाठपुरावा बाह्यरुग्ण विभाग एकाच सेवेचे दोन भाग आहेत असे सांगितले जाते, पण पहिल्या भागात जमलेली माहिती दुसऱ्या भागात पोहोचत नाही. डिस्चार्ज कार्डावर “तोंडाने पूर्ण आहार घेते” एवढे एकच वाक्य होते. नळी ३६ व्या आठवड्यात निघाली, रात्रीच्या एका पाळीनंतर तिने तोंड फिरवायला सुरुवात केली होती, ती कुशीवर निजवल्यावरच शांत पिते, तिला थांबे द्यावे लागतात, यांतले काहीच त्या कार्डात नव्हते. पहिल्या भेटीला डॉक्टरांनी वजन, उंची आणि डोक्याचा घेर तक्त्यावर मांडला, तो समाधानकारक निघाला आणि भेट बारा मिनिटांत संपली. खाण्यापिण्याबद्दल “दूध पिते ना?” एवढाच प्रश्न आला आणि मीही हो म्हणाले.

त्याची किंमत आम्हाला वरच्या आहाराच्या वेळी मोजावी लागली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा विकास पाहताना जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय, म्हणजे दुरुस्त वय, साधारण दोन वर्षांपर्यंत धरले जाते. जन्माला नऊ महिने होत आले तेव्हा मुलीचे दुरुस्त वय साडेसहा महिन्यांच्या पुढे होते, मान सावरलेली होती, आधाराने ती बसत होती आणि हाती येईल ते तोंडात घालत होती. चमचा मात्र ओठांना लागला की तिला उमासा येई, डोळ्यांत पाणी येई आणि ती पाठ ताठ करून मागे झुके. तीन आठवडे आम्ही वेगवेगळे पदार्थ घोटून पाहिले. सल्ले पुष्कळ मिळाले आणि त्यांतले निम्मे “भूक लागली की खाईल” अशा स्वरूपाचे होते. शेवटी मी ठरलेल्या भेटीची वाट न पाहता थेट विभागातल्या त्याच थेरपिस्टना निरोप पाठवला.

त्यांनी मुलीला पाहताच सुरुवात चमच्यापासून केली नाही. ज्या तोंडाने जन्मापासून सहा आठवडे नळी सोसली आहे आणि ज्याला एक-दोनदा मनाविरुद्ध पाजले गेले आहे, ते तोंड स्वतःकडे येणाऱ्या वस्तूला आधी नकार देते. त्यात हट्टाचा भाग नसतो, असे त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितले. पहिले दोन आठवडे जेवणाच्या वेळी मुलीपुढे ताटलीत थोडे घोटलेले अन्न ठेवायचे, तिला हात बरबटू द्यायचे, रिकामा चमचा तिच्या हातात द्यायचा आणि तिच्या तोंडात आपण काहीही घालायचे नाही, असा क्रम त्यांनी ठरवून दिला. दुधातून पोषण चालू असल्याने घाई नाही, आणि वजनावर आहारतज्ज्ञ दर आठवड्याला लक्ष ठेवतील, असेही सांगितले. नवव्या दिवशी मुलीने बरबटलेली बोटे स्वतःच तोंडात घातली, चेहरा वाकडा केला आणि पुन्हा घातली. चमच्याने खायला तिला आणखी महिनाभर लागला, तर दाणेदार अन्न गिळायला दुरुस्त वयाचे एक वर्ष उलटावे लागले. या सगळ्या काळात थेरपिस्टनी आमच्यावर किंवा तिच्यावर एकदाही घाई लादली नाही. सेवेचा हा भाग मला मिळाला तो माझ्याकडे त्यांचा संपर्क होता म्हणून. ज्या आईला विभागात त्यांची ओळख झाली नसेल तिला पाठपुराव्याच्या रीतीतून त्या सापडल्या नसत्या, आणि यालाच मी उणीव म्हणते.

त्यानंतरच्या भेटी बऱ्याच सुधारल्या, कारण थेरपिस्टनी स्वतः दोन पानी टिपण लिहून फाइलला जोडले. फिजिओथेरपिस्टनी बसण्याचा आणि खाण्याचा संबंध दाखवून दिला. धड डळमळत असेल तर बाळाची सगळी शक्ती स्वतःला सावरण्यात जाते आणि जिभेला घास फिरवण्यासाठी स्थिर आधार मिळत नाही, म्हणून पाय टेकतील आणि पाठीला आधार मिळेल असे आसन हवे, हे त्यांनी घरातल्या साध्या खुर्चीवर उशा लावून करून दाखवले. एवढ्या एका बदलाने तिच्या खाण्यात दिसलेला फरक मी आधी ऐकून मान्य केला नसता. दुरुस्त वयाच्या दोन वर्षांनंतर बेली मापन पद्धतीने, म्हणजे लहान मुलांची हालचाल, आकलन आणि भाषा मोजण्याच्या प्रमाणित चाचणीने, सविस्तर तपासणी झाली. ती दीड तास चालली, मध्ये मुलगी कंटाळली तेव्हा तिला फिरवून आणायला वेळ दिला आणि निकाल त्याच दिवशी समजावून सांगितला. हालचाल आणि आकलन वयाला साजेसे निघाले. शब्द समजणे ठीक होते, बोलणे थोडे मागे होते. खाण्याच्या अडचणीचा इतिहास फाइलमध्ये असल्यामुळे, थांबून बघू असे न म्हणता बोलण्यासाठी थेरपीचे सत्र त्याच आठवड्यात सुरू केले. ते टिपण फाइलला नसते तर हे इतक्या लवकर झाले असते असे मला वाटत नाही.

व्यवस्थेबद्दल थोडे. भेटींच्या वेळा बहुधा पाळल्या जातात, मात्र एकाच दिवशी सर्व तज्ज्ञ भेटत नाहीत आणि लहान बाळाला घेऊन एका महिन्यात तीन फेऱ्या होतात. दूध काढण्याची खोली स्वच्छ, बंद आणि विभागाला लागून आहे. वडिलांना प्रशिक्षणात आवर्जून बसवतात, आणि माझ्या पतीने कुशीवर निजवून पाजण्याचे तंत्र माझ्याआधी आत्मसात केले. फोनवरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. पाजण्याच्या अडचणीत दोन-तीन दिवस हा फार मोठा काळ आहे, म्हणून ठरावीक वेळेत कोणीतरी फोन उचलेल अशी सोय त्यांनी करायला हवी.

नोंदवहीबद्दल मी विभागप्रमुखांना लेखी कळवले. “कसे प्यायले” असा एक रकाना वाढवावा, त्यात शांत, थांबे देऊन, थकून थांबले, जबरदस्तीची गरज पडली यांपैकी एकावर खूण करायची सोय असावी आणि शेवटच्या पर्यायावर खूण झाली तर पुढच्या पाळीला थेरपिस्टला बोलवावे, असे मी सुचवले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि रात्रपाळीतील परिचारिकांसाठी थेरपिस्टचे एक प्रशिक्षण ठेवले. रकाना वाढल्याचे मात्र शेवटच्या भेटीपर्यंत मला दिसले नव्हते.

ही सेवा घेणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की बाळ नळीवर असतानाच स्पीच थेरपिस्टची भेट मागून घ्या, तोंडाने दूध सुरू होण्याची वाट पाहू नका. रात्रीच्या पाळ्यांना बाळ कसे प्यायले ते परिचारिकेला नावानिशी, आदराने आणि रोज विचारा. घरी निघताना डिस्चार्ज कार्डाखेरीज पाजण्याची पद्धत, निपलचा प्रकार, थांबण्याच्या खुणा आणि नळीचे एकूण दिवस लिहिलेले टिपण थेरपिस्टच्या सहीनिशी घ्या, त्याच्या दोन प्रती करा आणि पाठपुराव्याच्या पहिल्या भेटीला एक प्रत डॉक्टरांच्या हातात द्या. वरचा आहार सुरू करण्याच्या सुमारास, अडचण असो वा नसो, थेरपिस्टची एक भेट आधीच ठरवून ठेवा, कारण ती तारीख आमच्या कार्डावर छापलेली नव्हती आणि बहुधा तुमच्याही कार्डावर नसेल.